‘एमपी-फोर करा आणि सीड्या टाकून द्या’ हा सल्ला कुणीही ऐकू नका

आपल्या भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, जिथं बघावं तिथं तोच. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: सोनीनं ब्ल्यू-रे डिस्क (डीव्हीडीसारख्याच, पण जास्त मावणाऱ्या) बंद केल्यात, त्यामुळं घरातल्या सगळ्या डिस्क लवकरच चालेनाशा होणार. म्हणून लग्नाच्या, मुंजीच्या, कार्यक्रमांच्या डिस्क ताबडतोब एमपी-फोर (मोबाइलवर चालणारी व्हिडिओ फाइल) करून घ्या, तसं केल्यानं चित्र सुधारून फोर-के, म्हणजे अतिशय स्पष्ट, होतं. घाई असेल तर फाइलच्या नावातली शेवटची अक्षरं बदलली तरी भागतं. मग पेनड्राइव्हवर किंवा व्हॉट्सॲपवर ठेवा, शंभर वर्षं चिंता नाही. आणि मूळ डिस्क टाकून द्या, कारण डिस्कची कॉपी करून दोन्ही घरात ठेवणं हा कॉपीराइटचा गुन्हा आहे. शेवटी ‘जनहितार्थ, सर्वांना पाठवा’.

हा मेसेज खानापूरच्या माझ्या आत्यापर्यंत पोचला आणि तिनं तो खरा मानला. आत्येभावानं शहरातल्या एका दुकानातून डिस्क पेनड्राइव्हवर करून आणल्या. मी गेलो तेव्हा मूळ सीड्या रद्दीच्या पोत्यात पडल्या होत्या. “अरे, आता त्यांचं काय करायचं? सगळं यात आलंय की,” असं म्हणत तिनं पेनड्राइव्ह पुढं केला. सगळं आलेलं नव्हतं. म्हणून मेसेजमधला क्रम सोडून मी शेवटच्या सल्ल्यापासून सुरुवात करतो. बाकीच्या चुका दुरुस्त होतील, पण कचरागाडीत गेलेली डिस्क परत मिळत नाही.

पेनड्राइव्हवर काय होतं ते सांगतो. आत्येबहिणीच्या लग्नाची डीव्हीडी होती. डीव्हीडीच्या आत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर असतो आणि त्यात चित्रीकरण एकसंध नसतं, जास्तीत जास्त एकेक गिगाबाइटचे तुकडे असतात. ‘व्हीटीएस ०१_१’, ‘०१_२’, ‘०१_३’ असे ते ओळीनं दिसतात. एका तुकड्यात साधारण वीस-पंचवीस मिनिटं मावतात. दुकानातल्यानं पहिला तुकडा उचलला, त्याचा एमपी-फोर केला आणि पैसे घेतले. त्या फाइलीत सीमांतपूजन आहे, वऱ्हाड येतंय, आणि मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी ती संपते. घरात कुणी शेवटपर्यंत बघितलंच नव्हतं. सुरुवात दिसली, आवाज आला, झालं समाधान.

दुसरी डिस्क ब्ल्यू-रे होती, गावातल्या साहित्य संमेलनाची. ती अख्खी उतरली होती, पण ग्रंथदिंडीपुढं लेझीम खेळणाऱ्या पोरांचे हात हलले की त्यांच्या कडांवर कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसत होत्या. तेव्हाचे बरेच कॅमेरे सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं टिपायचे, एकदा सम ओळी, एकदा विषम. रूपांतर करताना या अर्ध्या चित्रांची नीट सांगड घालावी लागते. ती न घालता चित्र लहान केलं की रेघा कायमच्या चित्रात मुरतात. मूळ डिस्कमध्ये हा दोष नाही. टीव्ही आणि प्लेअर ही सांगड स्वतःच घालतात.

मेसेज लिहिणाऱ्याला कळलेलं नाही ते हेच. डिस्क उतरवणं वेगळं आणि फॉरमॅट बदलणं वेगळं. उतरवणं म्हणजे डिस्कवर जे आकडे आहेत ते एकही न बदलता दुसरीकडं नेणं. फॉरमॅट बदलताना सहसा चित्र नव्यानं आवळलं, म्हणजे कॉम्प्रेस केलं, जातं, आणि आवळताना काहीतरी टाकूनच द्यावं लागतं. साधा हिशेब करा. एका थराच्या ब्ल्यू-रे डिस्कमध्ये २५ गिगाबाइट मावतात. दोन तासांच्या कार्यक्रमानं ती भरली असेल तर सेकंदाला सुमारे २८ मेगाबिट माहिती पडते. तोच कार्यक्रम दीड गिगाबाइटच्या एमपी-फोरमध्ये बसवला तर सेकंदाला जेमतेम १.७ मेगाबिट उरतात. सोळा भागांतले पंधरा गेले. नवीन कोडेक, म्हणजे चित्र आवळायच्या पद्धती, जुन्यापेक्षा काटकसरीचे आहेत हे मान्य, पण इतकी तूट ते भरून काढत नाहीत. सगळ्यात आधी बारकावे जातात. शालूची जर, उधळलेला गुलाल, पावसाची भुरभुर, मागच्या रांगेतले चेहरे. मोबाइलच्या पडद्यावर हे खुपत नाही. दहा वर्षांनी मोठ्या टीव्हीवर आजोबांचा चेहरा शोधायला जाल तेव्हा खुपेल, आणि तेव्हा मूळ डिस्क नसेल.

लग्नाच्या सीडीची दुसरी प्रत निदान व्याह्यांकडं तरी असते. पण कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी इथं जी साहित्य संमेलनं भरतात, गल्लोगल्लीची मंडळं शिवजयंतीला जे चित्ररथ काढतात, त्यांचं जुनं चित्रीकरण कुठं आहे? कुणातरी कार्यकर्त्याच्या कपाटात, एखाद्या डिस्कवर. सीमाभागातल्या मराठी माणसानं स्वतःच्या खिशातून पैसे घालून केलेलं हे काम आहे. ते दुसऱ्या कुणाच्या दप्तरात जपलेलं असेल या भरवशावर राहू नका. असली डिस्क एका फॉरवर्डवर विसंबून भंगारात जाते, याचा मला संताप येतो.

आता सोनीचं. ही गोष्ट अर्धी खरी आहे आणि तिच्यामुळंच मेसेज पटतो. सोनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या, म्हणजे रेकॉर्ड करायच्या ब्ल्यू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं. सॅमसंगनं प्लेअर बनवणं त्याआधीच सोडलं होतं. पण कारखाना बंद झाला म्हणून तुमच्या कपाटातली डिस्क आतून पुसली जात नाही. ती खराब होते ती स्वतःच्या कारणांनी, आणि इथं मेसेजवाल्याची आणखी एक गोष्ट मी मान्य करायला तयार आहे: डिस्क अमर नाही. कॅनडा सरकारची जतन-संवर्धन संस्था, कॅनेडियन कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूट, हिनं घरी लिहिल्या जाणाऱ्या डिस्क किती टिकतात याचा तक्ताच दिलाय. सोन्याच्या थराची चांगली सीडी-आर १०० वर्षांहून जास्त, साधी डीव्हीडी-आर १० ते २० वर्षं, आणि साधी ब्ल्यू-रे बीडी-आर फक्त ५ ते १०. नवी आणि महागडी म्हणून जास्त टिकाऊ, असा जो आपला समज आहे तो या तक्त्यासमोर टिकत नाही. हे अंदाज आहेत. ठेवण्याची जागा वाईट असेल तर आयुष्य कमी होतं, आणि खानापूरच्या पावसाळ्यात भिंतीतलं कपाट कसं ओलं लागतं ते तिथल्यांना सांगायला नको. तेव्हा घाई करा, जरूर करा. पण ती उतरवण्याची करा, आवळून टाकून देण्याची नव्हे.

उतरवायचं कसं? ब्ल्यू-रे वाचणारा, यूएसबीनं जोडता येणारा ड्राइव्ह हवा. डीव्हीडीचा चालत नाही, कारण दोन्हींचा लेझर वेगळा. डिस्क मऊ कापडानं मधून कडेकडं सरळ पुसा, गोल फिरवून नाही. मग पूर्ण डिस्कची आयएसओ प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलीतली जशीच्या तशी प्रत, घ्या, किंवा निदान डिस्कमधला ‘बीडीएमव्ही’ हा अख्खा फोल्डर उचला. आतल्या ‘स्ट्रीम’ फोल्डरमधली सगळ्यात मोठी फाइल तेवढी घेऊन थांबू नका, तिथंही चित्रीकरण तुकड्यांत असू शकतं. डिस्क वाचताना अडखळत असेल तर लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरा. तो आधी चांगला भाग काढून घेतो आणि खराब जागांवर नंतर पुन्हा पुन्हा येतो. प्रत झाली की ताडून बघा. विंडोजमध्ये सर्टयूटिल ही आज्ञा आधीपासूनच असते, ती फाइलचा एसएचए-२५६ आकडा, म्हणजे फाइलच्या बोटाच्या ठशासारखी खूण, काढून देते. डिस्कवरच्या फाइलचा आणि प्रतीतल्या फाइलचा आकडा जुळला तर दोन्ही तंतोतंत एक. एका थराच्या, काठोकाठ भरलेल्या अडतीस-एकोणचाळीस ब्ल्यू-रे एक टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर मावतात. अशा दोन हार्ड डिस्क करा, एक आपल्या घरी, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडं.

यानंतर मोबाइलसाठी एमपी-फोर खुशाल करा. हँडब्रेक हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, दर्जाचा आकडा २० च्या आसपास ठेवा आणि डीइंटरलेस, म्हणजे अर्ध्या चित्रांची ती सांगड, चालू आहे ना ते बघा. ती फाइल बघायला आणि वाटायला. जपायची ती प्रतिमा.

शेवटची अक्षरं बदलण्याबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. ब्ल्यू-रेतल्या व्हिडिओ फाइलीच्या नावातल्या ‘एमटूटीएस’चं ‘एमपी-फोर’ असं नाव केल्यानं आतलं काहीच बदलत नाही. एखादा प्लेअर आत डोकावून ओळखतो आणि चालवतो, दुसरा चालवत नाही, एवढाच फरक. मात्र यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. आतलं चित्र न आवळता फक्त बाहेरची मांडणी बदलता येते. एफएफएमपेग या प्रोग्रॅमला ‘कॉपी’ सांगितलं की ब्ल्यू-रेतला प्रवाह एमकेव्ही या दुसऱ्या प्रकारच्या फाइलीमध्ये काही मिनिटांत जातो आणि चित्राला धक्का लागत नाही. एमपी-फोरऐवजी एमकेव्ही म्हणतोय, कारण ब्ल्यू-रेमधले काही प्रकारचे आवाज आणि चित्ररूपी सबटायटल एमपी-फोरमध्ये धड बसत नाहीत.

फोर-केचा दावा तर आकड्यांनीच निकालात निघतो. पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या, डीव्हीडीचं चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदू. फोर-के म्हणजे ८२,९४,४००. बरोबर वीसपट. वीसातले एकोणीस बिंदू कॅमेऱ्यानं कधी पाहिलेच नाहीत, ते सॉफ्टवेअरनं अंदाजानं भरलेले असतात. फाइल फुगते, माहिती वाढत नाही.

पेनड्राइव्ह शंभर वर्षं टिकतो हे कुठल्या कंपनीनं लिहून दिलंय ते दाखवा. त्यात माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो भार हळूहळू झिरपतो, म्हणून वर्षानुवर्षं कपाटात ठेवून द्यायची ती वस्तू नाही. व्हॉट्सॲपवर तर नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला व्हिडिओ पुन्हा आवळला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तसाच जातो, पण मर्यादा २ गिगाबाइटची, आणि फोन बदलताना बॅकअप नसेल तर तोही गेला.

राहिली गुन्ह्याची भीती. आत्या त्यालाच जास्त घाबरली होती. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७ खंड ‘ख’ वाचा. एखाद्यानं पैसे देऊन फोटो काढून घेतला किंवा चित्रपट बनवून घेतला, आणि उलट करार झालेला नसेल, तर त्याचा पहिला मालक तो बनवून घेणारा असतो. लग्नाचं शूटिंग तुम्ही पैसे मोजून करून घेतलंत, तर हक्क तुमचा. तुमच्याच व्हिडिओच्या दहा प्रती करून दहा घरांत ठेवा, कुणी विचारणार नाही. विकत आणलेल्या सिनेमाच्या ब्ल्यू-रेची गोष्ट वेगळी. तिच्यावर प्रत करू न देणारं कुलूप असतं, आणि २०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ६५-क हक्कभंगाच्या हेतूनं ते तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगतं. सिनेमाच्या प्रती करून वाटल्या तर तो गुन्हाच. पण आत्याच्या पोत्यात सिनेमे नव्हते.

आणखी एक, हे मेसेजमध्ये नाही पण यायला हवं होतं. ज्या स्टुडिओनं शूटिंग केलं त्यांना आत्ताच फोन करा आणि कॅमेऱ्यातलं मूळ फुटेज अजून आहे का ते विचारा. ते मिळालं तर डिस्कपेक्षाही चांगलं, कारण डिस्क बनवतानाही चित्र एकदा आवळलेलं असतं. तुळशीची लग्नं झाली की नवा सीझन सुरू होतो आणि जागेसाठी जुनं फुटेज पुसलं जाऊ शकतं, त्याच्या आत विचारा.