आणि चालू औषधांचं काय?

तुमच्या लेखात फायब्रोमायाल्जियासाठी, म्हणजे अंगभर सतत दुखत राहणाऱ्या आजारासाठी, हळद, अश्वगंधा, मॅग्नेशियम, ‘ड’ जीवनसत्त्व सगळं सुचवलंय. चालू गोळ्यांबरोबर ते घ्यावं का, याची एक ओळ नाही. मी खानापूरची, सहा वर्षं हे दुखणं काढतेय. भाकरी थापताना मनगटं अशी भरून येतात की पीठ परातीत तसंच टाकून बसावं लागतं. रिपोर्ट नॉर्मल, म्हणून घरच्यांना नाटक वाटायचं. ते असो.

प्रेगाबालिन ही दुखण्यावरची गोळी चालू असताना शेजारच्या वैनींचं ऐकून अश्वगंधा सुरू केली. दोन्ही गुंगी आणणारी! उतरायचं होतं टिळकवाडीत, बेळगाव स्टँडवर कंडक्टरनं ‘अक्का, इळीरी’ (ताई, उतरा) म्हणून उठवलं. डॉक्टरांनी मग चांगलंच झापलं. ड्युलोक्सेटिन (याच दुखण्यावर दिली जाणारी, नैराश्यावरचीही गोळी) घेणाऱ्यांनी तर सेंट जॉन्स वर्ट ही वनौषधी किंवा ५-एचटीपी हे पूरक स्वतःच्या मनानं घेऊच नये, मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

‘ड’ माझं रक्तातच कमी निघालं, ते भरून काढल्यावर थोडा फरक पडला. हळदीचं दूध आवडतं म्हणून पिते, बाकी काही नाही. फायब्रोमायाल्जियाच्या उपचारांवरच्या २०१६ च्या युरोपीय शिफारशींत ठाम शिफारस एकट्या व्यायामाची आहे, त्यावर लिहा की एकदा.