पाऊल झाडण्याची विद्या

ज्युदोत कुणी आपलं पाऊल झाडलं की पडणाऱ्याला काही कळत नाही. हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण गेले आठ महिने पडणारा मीच आहे. पाय पुढे टाकावा, तो टेकायच्या आत कुणीतरी खालची जमीन काढून घ्यावी आणि एकदम छत दिसावं. आमच्या हॉलच्या छताला सात पंखे आहेत. तिसऱ्याचं एक पातं वाकडं आहे.

जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये ज्युदो सुरू केला. पुढे १९२० मध्ये कोदोकानने, म्हणजे त्यांच्याच ज्युदो-शाळेने, फेकण्याच्या डावांची जुनी यादी सुधारली : एकूण ४० डाव, आठ-आठचे पाच गट. त्यात सगळ्यात पहिला डाव दे-आशी-बाराई, म्हणजे पुढे आलेला पाय झाडून काढणं. पहिला म्हणजे सोपा, असा मी हिशेब केला. बाराखडी 'क'पासून सुरू होते, त्याच धर्तीवर. हा 'क'च्या जागी बसलेला 'ज्ञ' आहे, हे कळेपर्यंत नडग्यांवर निळं-जांभळं नक्षीकाम झालेलं होतं.

डाव ऐकायला काहीच नाही. समोरचा पाऊल पुढे टाकतो. त्यावर भार येऊ लागला आहे पण पुरता आलेला नाही, अशा क्षणी आपल्या तळव्याने त्याच्या घोट्याखाली झाडायचं आणि त्याच दमात त्याची बाही खाली खेचायची. क्षणभर आधी गेलात तर पाय हवेतच असतो. तो निवांतपणे दुसरीकडे ठेवतो. क्षणभर उशीर झाला तर सगळं वजन त्या पायावर उतरलेलं असतं आणि आपण खांबाला लाथ मारतो. माझं घड्याळ कायम खांबाच्या वेळेवर चालतं. "आला, आला, पाय आला" हे डोक्यात म्हणून होईपर्यंत तो पाय येऊन, स्थिरावून, पुढच्या कामाला लागलेला असतो.

त्यात तळवा आत वळवायचा असतो. करंगळीची कड मॅटला जवळजवळ घासत गेली पाहिजे आणि समोरच्याला लागला पाहिजे तो मऊ तळवा. माझं हाड लागतं. सर म्हणतात, "अहो, झाडायचंय, फोडायचं नाही." मग मी घरी सराव सुरू केला. या खोलीतून त्या खोलीत जाताना दर पावलाला एक पाय झाडत जायचं. दोन दिवस बायकोने काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पायाला काही चिकटलंय का?" चौथ्या दिवशी टेबलाच्या पायावर प्रयोग केला. टेबल भार कधीच हलवत नाही, हे तत्त्व मला ठाऊक होतं, पण करंगळीला नव्हतं.

माझी जोडीदार नववीतली मुलगी आहे. वजन माझ्या निम्मं. दर वेळी मला पाडून ती वाकून विचारते, "काका, लागलं का?" तिसऱ्या पंख्याकडे बघत मी "नाही नाही" म्हणतो. एकदा मी खरोखर वेळेवर झाडलं, निदान मला तसं वाटलं. तिने गुडघा वाकवून पाऊल एवढंसं वर घेतलं, माझा पाय खालून रिकामा निघून गेला, आणि जाता जाता तिने मागून त्यालाच झाडलं. याला त्सुबामे-गाएशी म्हणतात. त्सुबामे म्हणजे पाकोळी, उडता उडता गर्रकन वळते ती. पाकोळी ती होती. मी कोण होतो, ते पडल्याच्या आवाजावरून आख्ख्या हॉलला कळलं.

मग सरांनी ठरवलं की काकांना एक डाव जमत नाही, तर दोन एकत्र शिकवू. हे तर्कशास्त्र मला आजही पूर्ण पटलेलं नाही. आधी सासाए-त्सुरिकोमी-आशी : तिच्या उजव्या घोट्याला समोरून माझा डावा तळवा लावायचा, तिथे झाडायचं नाही, नुसतं अडवायचं, आणि दोन्ही हातांनी तिला स्टिअरिंगसारखं फिरवायचं. पडली तर उत्तम. नाही पडली, तर तोल सावरायला ती तोच पाय अडसर ओलांडून पुढे टाकणार. त्या पायाला तिथे जायचंच आहे. तिथेच झाडायचं.

पहिले कित्येक दिवस माझा पहिला डाव साफ खोटा असायचा. नुसता तळवा टेकवायचा आणि डोळे आधीच दुसऱ्या जागी. ती हलायचीच नाही. उभी राहून वाट बघायची, जसं लहान मुलाच्या जादूच्या प्रयोगात मोठी माणसं बघतात. सर म्हणाले, "पहिल्यानेच पाडायचं असं समजून करा. दुसरा विसरून जा." विसरण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण नेमका हाच डाव मला विसरता येईना.

परवा विसरलो. पंखा बंद होता, घामाने जीव हैराण झाला होता, आणि मला खरंच तिला सासाएनेच पाडायचं होतं. जोर लावून फिरवलं. ती डगमगली, पडली नाही. पाय उचलून पुढे आली. पुढचं मला नीट आठवत नाही. तळव्याला काहीतरी हलकं लागलं, रिकामं खोकं सरकवावं इतकं हलकं, आणि ती खाली होती. पडताना मॅटवर हात आपटल्याचा आवाज पहिल्यांदाच माझा नव्हता.

मी तसाच उभा. सर दुसऱ्या कोपऱ्यात कुणाचा तरी पट्टा बांधत होते. त्यांनी काही पाहिलं नाही. हॉलमध्ये कुणीच पाहिलं नाही. मोठ्या मायेने मी वाकून विचारलं, "लागलं का गं?"

"नाही काका," ती म्हणाली, "पण बाही सोडा आता, मला उठायचंय."