मेंढपाळ केवळ नाइलाजाने फिरतो काय?

‘काठेवाडी (मूळचे गुजरातच्या काठियावाडचे) आणि धनगर मेंढपाळांना दुसरे काही येत नाही म्हणून ते रानोमाळ फिरतात, त्यांना गावातच शेड आणि चारा द्या, फिरणे आपोआप थांबेल,’ असा मजकूर दर हिवाळ्यात विदर्भातील व्हॉट्सॲप गटांवर येतो. त्यामागची कणव खोटी नसेल, पण हिशेब चुकलेला आहे.

आधी चाऱ्याचे पाहू. एका मेंढीला दिवसाला तीन-चार किलो ओला चारा धरला, तरी शंभर मेंढ्यांना रोज तीन-चार क्विंटल लागतो. तो विकत घेऊन मेंढी परवडत नाही. उलट सोयाबीन निघाल्यावर वावरात पडलेला पाला, पुढे तुरीचा आणि शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या झाडांचा, पाला चालत गेलेल्याला जवळपास फुकट मिळतो. शिवाय पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात मेंढीचे खूर सडतात, म्हणून तेव्हा मुरमाड, उंच रान गाठावेच लागते. शेड बांधून हा प्रश्न सुटत नाही.

दुसरा दावा असा, की शेतकऱ्याला हे लोक नकोच असतात. उभ्या पिकात कळप शिरला की भांडण होते, हे मान्य. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच मेंढपाळाला ‘आमच्या वावरात दोन रात्री बसव’ म्हणून निरोप धाडणाराही शेतकरीच असतो. आमच्या वावरात कळप बसला, तेव्हा मेंढपाळाने संध्याकाळी जाळे लावून मेंढ्या कोंडल्या आणि दुसऱ्या दिवशी तेच जाळे पुढच्या पट्ट्यात सरकवले. लेंड्यांबरोबर मूत्रही जमिनीत मुरते, जे ट्रॉलीने आणलेल्या शेणखतात मिळत नाही. मोबदला रोख किंवा धान्यात ठरतो. कपाशीवरील गुलाबी बोंडअळी या किडीचे अवशेष राहू नयेत म्हणून वेचणीनंतर शेतात मेंढ्या चाराव्यात, असा सल्ला कृषी तज्ज्ञही देतात.

‘हे परके आहेत, त्यांना येथे हक्क नाही,’ या वाक्याला फार वेळ देण्याचे कारण नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये फिरत्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क नोंदवलेला आहे.

राहिली नाइलाजाची गोष्ट. तो आहेच, पण फिरण्याचा नव्हे. मुलांची शाळा, चराईला बंद झालेले जंगल आणि गावागणिक आक्रसणारे गायरान यांमुळे काही कुटुंबे कळप विकतात. नाइलाज शोधायचा असेल, तर तो या विक्रीत शोधावा.