मावशीचे तारण समितीने ठरवू नये

माझ्या मावशीला पुरायला नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, समितीने एक अख्खी रात्र घालवली. काका गेल्यावर काही वर्षांनी तिने मिशनची मंडळी सोडली होती. तालुक्याच्या गावी एका प्रार्थनासभेत ती जाऊ लागली आणि तिथे तिने बुडवून बाप्तिस्मा घेतला. ‘नाव काढून घेतलं, मग कब्रस्थानात जागा कशी मागता?’ असे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांपैकी एकाने मावसभावाला तोंडावर विचारले. सकाळी काकांच्या शेजारची जागा मिळाली. पण कबरीपाशी प्रार्थनासभेचे ब्रदर बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, की ताईंचे ख्रिस्ती जीवन पाण्यातून वर आल्यावर सुरू झाले. मग त्याआधी आम्हा सगळ्या भावंडांना संडे स्कूलमध्ये स्तोत्रे पाठ करून घेणारी, काकांच्या आजारपणात उशाशी बसून रात्रभर प्रार्थना करणारी बाई कोण होती?

मी जर्मनीत श्टुटगार्टला राहतो. तिथे फोनवर हे ऐकले तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही. नातेवाइकांत अजून वाद चालू आहे. एका बाजूचे म्हणणे, आईबापांची मंडळी सोडली त्याने तारण, म्हणजे पापातून सुटका, सोडले. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, लहानपणी कपाळावर पाणी शिंपडलेल्यांचे तारण झालेलेच नाही. दोघेही पवित्र शास्त्र उघडून बोलतात आणि दोघेही मावशीबद्दल बोलतात, जिने या दोघांपेक्षा ते जास्त वाचले होते.

इथे मंडळी सोडायला श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे सरकारी नोंदणी कार्यालयात, जावे लागते. मीही गेलो आहे. आल्या आल्या आनमेल्डुंगच्या, म्हणजे रहिवासी नोंदणीच्या, अर्जात मी ‘इव्हांगेलिश’ (प्रोटेस्टंट) लिहिले, दुसरे काही लिहायचे मनातही आले नाही. पगारातून किर्शनश्टॉयर, म्हणजे चर्चचा कर, कापला जाऊ लागला, आयकराच्या आठ टक्के. रविवारी लांडेसकिर्शमध्ये, म्हणजे इथल्या प्रांताच्या जुन्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये, जात राहिलो. ऑर्गन अप्रतिम, उपदेश विचारी, पण पाप, पश्चात्ताप, नवा जन्म हे शब्द तिथे क्वचितच ऐकू येत, आणि मी तर तेच शोधत होतो. पुढे बाड कानश्टाटमधल्या एका छोट्या फ्रायकिर्शमध्ये (स्वतंत्र चर्चमध्ये) रमलो आणि लांडेसकिर्शमधून नाव काढले. खिडकीमागच्या बाईंनी पासपोर्ट पाहिला, सही घेतली, पावती दिली. लांडेसकिर्शच्या पाळकांचे (पाद्रींचे) पत्र आले, की निर्णयाचा आदर आहे, कधीही या. 2022 या एका वर्षात जर्मनीत पाच लाखांहून जास्त कॅथलिकांनी असेच नाव काढले. आमच्या भागातला फ्रीडहोफ, म्हणजे कब्रस्थान, नगरपालिकेचा आहे, त्यामुळे समिती बसण्याचा प्रश्नच येत नाही.

हे मावसभावाला सांगितले तर तो म्हणाला, ‘तिकडच्या गोष्टी तिकडे. तुमच्याकडे देवळं रिकामी पडलीत.’ पडली आहेत, मी स्वतः पाहतो. पण ज्या वादावर आपली माणसे आज एकमेकांची तोंडे पाहत नाहीत, त्या वादाची किंमत इकडच्याच लोकांनी आधी मोजलेली आहे. विश्वास ठेवल्यावर पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि दिला, म्हणून फेलिक्स मान्झला 1527 च्या जानेवारीत झुरिचमध्ये लिमात नदीत बुडवून मारले. मारणारे रोमन कॅथलिक नव्हते, धर्मसुधारणा करणारेच होते. 1530 च्या आउग्सबुर्ग विश्वासपत्रात लूथरच्या बाजूच्या लोकांनी या पुनर्बाप्तिस्मावाल्यांना नावानिशी दोषी ठरवले. पुढे 1834 मध्ये योहान गेर्हार्ड ओंकन आणि त्याचे मोजके सोबती असाच मोठेपणीचा बाप्तिस्मा घ्यायला हाम्बुर्गजवळ एल्ब नदीत उतरले, तेही रात्रीच्या अंधारात, आणि नंतर ओंकनला तुरुंग पाहावा लागला. आणि 2010 मध्ये जगभरच्या लूथरन मंडळ्यांची परिषद इथेच श्टुटगार्टला भरली, तेव्हा त्यांनी पुनर्बाप्तिस्मावाल्यांचे वारस असलेल्या मेनोनाइटांपुढे त्या छळाबद्दल देवाची आणि त्यांची क्षमा मागितली. जवळजवळ पाचशे वर्षे लागली. आमच्या समितीला एवढा वेळ कोण देणार?

आणि परदेशातले दाखले नको असतील तर घरचे घ्या. आमच्या मंडळीत दर रविवारी नारायण वामन टिळकांची भजने म्हणतात. मावशीला अडवणाऱ्या वडीलजनांचा आवाज त्यात सर्वांत वर असतो, खरोखर गोड आवाज आहे. टिळकांनी 1917 मध्ये मिशन सोडले. साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा ठेवली. दोन वर्षांत ते गेले. त्यांचे तारण राहिले की नाही, यावर नगरला कोणी समिती बसवल्याचे मी ऐकलेले नाही. मिशन सोडणाऱ्याची भजने चालतात, तर मंडळी सोडणाऱ्या विधवेची माती का चालत नाही?

ब्रदरांनाही माझे तितकेच सांगणे आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला, तान्हेपणी नव्हे, पूर्ण समजून उमजून. तरी पुढे त्यांनी स्वतःच साक्ष लिहिली, की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा होता. तो मिळाला तेव्हा मधे कित्येक वर्षे गेली होती. म्हणजे मोठेपणी घेतलेले पाणीदेखील खात्रीचे पत्र नाही. प्रभू माणसाला कोणत्या वर्षी धरतो, हे माणसालाच उशिरा कळते. मग कबरीपाशी उभे राहून दुसऱ्याच्या आयुष्याची तारीख ठरवणारे आपण कोण?

बायबलमधली, फिलिप्पै शहरातल्या तुरुंगाच्या नायकाची गोष्ट दोन्ही बाजू सांगतात. ‘प्रभू येशूवर विश्वास ठेव, म्हणजे तुझे व तुझ्या घराण्याचे तारण होईल.’ आमचे पाळकसाहेब ‘घराण्याचे’ या शब्दावर थांबतात, घराण्यात तान्ही मुले आलीच. ब्रदर ‘विश्वास ठेव’ इथे थांबतात. मी तो अध्याय पुन्हा पुन्हा वाचला आहे. त्या माणसाने त्याच रात्री त्याच्या तुरुंगात असलेल्या पौल आणि सीला या प्रचारकांच्या जखमा धुतल्या, मग त्याचा बाप्तिस्मा झाला, मग त्याने त्यांना घरी नेऊन जेवू घातले. आमच्याकडे जखमा धुण्यावर कोणी उपदेश केल्याचे आठवत नाही. आणि ज्याला येशूने स्वर्गाचे वचन दिले, त्या वधस्तंभावरच्या चोराचे नाव तर कोणत्याच मंडळीच्या वहीत नव्हते.

मावसभाऊ चिडून एकदा म्हणाला, ‘तू सगळं सोडून गेलास, तुला काय पडलंय?’ ते लागले. कारण मी सगळे सोडलेले नाही. गावच्या मंडळीच्या वहीत माझे नाव अजून आहे. वडील दरवर्षी माझी वर्गणी भरतात आणि मी त्यांना कधी नको म्हटलेले नाही. श्टांडेसआम्टमध्ये सही करताना हात थरथरला नाही, पण तिथे गावी नाव काढायचे म्हटले तर माझ्याच्याने व्हायचे नाही. फ्रायकिर्शमधली माणसे प्रेमळ आहेत, मुलगी आजारी पडली तेव्हा आठवडाभर डबे आणून देत होती. तरीही त्यांच्यात बसून मनापासून प्रार्थना करायची वेळ येते तेव्हा मी मराठीत पुटपुटतो, आणि तोंडी येतात ती मावशीने पाठ करून घेतलेली स्तोत्रे. माझा विश्वास त्याच मंडळीत पेरला गेला, जिने तिला एक रात्र ताटकळत ठेवले.

मुलीचा बाप्तिस्मा झालेला नाही. इथल्या रीतीप्रमाणे तान्ही असताना तिला आशीर्वाद दिला गेला, पुढचे ती स्वतः ठरवेल. वडिलांना हे सहन होत नाही, दर नाताळला विचारतात. मी त्यांना खोटा दिलासा देत नाही, मला वाटते ते सांगतो: तिला ख्रिस्त तिचा स्वतःचा म्हणून भेटू दे. पण आता ती मोठी होऊ लागली आहे, तिकडच्या मंडळीबद्दल विचारते, आणि बाप्तिस्मा घ्यायचा म्हणाली तर तो मला गावीच हवा आहे, प्रवरेच्या पाण्यात, पाळकसाहेब आणि ब्रदर दोघेही काठावर असताना. दोघांना मी तसे लिहिले आहे. ब्रदर येईन म्हणाले. पाळकसाहेबांनी कळवले आहे, की विषय समितीपुढे ठेवावा लागेल.