शिकागो डिफेंडर बंद पडलेला नाही

ग्रुपवर फॉरवर्ड फिरतोय की शिकागोतल्या कृष्णवर्णीयांचा जुना पेपर 'शिकागो डिफेंडर' २०१९ मध्ये कायमचा बंद झाला. हे चूक आहे. जुलै २०१९ मध्ये बंद झाली ती छापील आवृत्ती, पेपर ऑनलाइन चालूच राहिला. छापील अंक गेला याचं वाईट मलाही वाटलं, पण बंद पडला म्हणणं वेगळं.

आणि फॉरवर्डमध्ये त्याला 'लोकल पेपर' म्हणून एका ओळीत उडवलंय ते जास्त लागलं. रॉबर्ट अ‍ॅबट यांनी १९०५ ला घरमालकिणीच्या घरातून हा पेपर सुरू केला, पहिला अंक जेमतेम ३०० प्रती. पुढे पुलमन कंपनीच्या रेल्वे डब्यांतले कृष्णवर्णीय पोर्टर (प्रवाशांच्या दिमतीला असलेले कामगार) गठ्ठे लपवून अमेरिकेच्या दक्षिणेत न्यायचे, कारण तिकडे बऱ्याच ठिकाणी हा पेपर जवळ सापडणंसुद्धा धोक्याचं होतं, मग न्हाव्याच्या दुकानात, चर्चमध्ये एकजण मोठ्याने वाचणार नि बाकीचे ऐकणार, म्हणजे एक अंक कितीजणांपर्यंत पोचायचा बघा. लिंचिंगच्या (जमावाने कृष्णवर्णीयांना ठार मारण्याच्या) बातम्या, उत्तरेतल्या नोकऱ्या, तिकडे जायच्या गाड्यांची वेळापत्रकं, सगळं त्यात असायचं आणि ते वाचून दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांनी उत्तरेला जायला खरोखर सामान बांधलं.

१९२९ मध्ये याच पेपरने सुरू केलेली मुलांसाठीची बड बिलिकेन परेड आजही दर ऑगस्टमध्ये निघते. तो फॉरवर्ड कृपया पुढे पाठवू नका.