मानेवरचा मळ

माझं किराणा दुकान आहे. नाशिकला, सिडकोत. 22 वर्षं झाली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणीतरी 'तू कोण लागून गेलास शहाणपणा शिकवणारा' म्हणणारच आहे. मी तोच, शाळेसमोर चिप्सच्या पुड्यांच्या लड्या टांगून बसलेला.

माझा धाकटा 11 वर्षांचा आहे आणि त्याचं वजन 58 किलो आहे. गेल्या वर्षी त्याच्या मानेवर मागच्या बाजूला काळपट पट्टा दिसायला लागला. जाडसर, हात लावला की मखमलीसारखा. आम्हाला वाटलं मळ. आमच्या हिनं डाळीचं पीठ आणि दही लावून पाहिलं, लिंबाची फोड घासून पाहिली. शेवटी एका रविवारी नायलॉनची घासणी घेऊन इतकं चोळलं की पोरगं रडायला लागलं. वर 'नीट आंघोळ करत नाहीस, चारचौघांत आमची लाज काढशील' हे पण ऐकवलं. मान लाल झाली, काळं होतं तिथंच राहिलं.

मग तापाचं निमित्त झालं आणि डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासताना शर्टाची कॉलर मागं ओढली आणि म्हणाले, हा मळ नाही. शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं की ते रक्तात वाढत जातं आणि कातडी अशी काळी, जाड होते. डायबेटिसच्या वाटेवरची ही पाटी समजा. एवढं बोलून त्यांनी मान वळवली ती हिच्याकडे. "ताई, काय खायला घालता याला?"

ही खाली बघत बसली. ही अंबड एमआयडीसीत पॅकिंगला जाते, संध्याकाळी सातला घरी येते. शाळा सुटल्यापासून सातपर्यंत पोरगं माझ्या गल्ल्यामागच्या स्टुलावर असतं. डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर फक्त मला ठाऊक होतं, आणि मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होतो.

घरी आलो आणि उधारीच्या वहीत एक कोरं पान काढून वर पोराचं नाव घातलं. त्याला काही बोललो नाही, फक्त लिहीत गेलो. पहिल्याच दिवशीचं सांगतो. चिप्सचा पुडा 5 रुपये, क्रीमची बिस्किटं 10, चॉकलेट 5, कोल्ड्रिंकची छोटी बाटली 20. झाले 40 रुपये, म्हणजे गिऱ्हाईक म्हणून बघितलं तर चांगलं गिऱ्हाईक. त्या बाटलीत 250 मिली माल असतो आणि 100 मिलीला 10-11 ग्रॅम साखर. म्हणजे पाच-सहा चमचे. चहात कुणी एवढी घातली तर कप परत करू आपण. हे सगळं पोटात गेल्यावर रात्री तो पोळी-भाजी चिवडत बसायचा. 'पोरगं जेवतच नाही' म्हणून माझी आई त्याला गरम दूध द्यायची, त्यात 'ताकदीची' पावडर, ती पण माझ्याच दुकानातली.

आता आईला दोष द्यायचा का? आई 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली बाई. लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली. तिच्या लेखी पोराचे गाल भरलेले असणं म्हणजे घरावरचं संकट टळलेलं असणं. तिला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते, सांगायला गेलो तर म्हणाली, "बाळसं आहे ते, नजर लावू नको." गावोगाव सुदृढ बालक स्पर्धा व्हायच्या, त्यात गुटगुटीत पोराला पहिला नंबर. आपण सगळेच त्या नजरेनं बघतो. बारीक मूल दिसलं की आईला विचारायचं 'खायला देत नाही का', जाड दिसलं की 'काय खायला देतेस'. दोन्हीकडून तीच.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम मला या सगळ्या प्रकारात कळलं. मोठ्या मुलीनं मोबाईलवर शोधून दाखवलं. 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांच्या टीमनं गरोदर बाया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. आपलं बाळ जन्मतःच सरासरी 2.7 किलोचं, इंग्लंडमधलं 3.5 किलोचं. पण आपल्या बाळात कमी पडतं ते स्नायू आणि मांस, चरबी त्या मानानं शिल्लक असते. दिसायला काटकुळं, आतून चरबीचं. याज्ञिकांनी स्वतःचा आणि एका ब्रिटिश डॉक्टरांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय 22.3. ब्रिटिश माणसाच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. मला कळलं ते असं, की आपल्या पोरांची वजनाची सहनशक्तीच मुळात कमी आहे. आजीच्या पिढीत पोटाला कमी पडलं, आणि नातवाच्या पुढ्यात मी लडी टांगली.

बायकांच्या माथी मारण्याआधी माझ्या काउंटरवरून काय दिसतं ते ऐका. सकाळी आठला बांधकामावर जाणाऱ्या बाया येतात. पोराच्या हातात दहाची नोट देतात आणि रिक्षात बसतात. त्या दहा रुपयांत काय येतं? केळी 60 रुपये डझन असली तर दोन. अंडं एक, तेही कच्चं, ते उकडून कोण देणार? पुडे मात्र दोन येतात, कुरकुरीत, ना सोलायचे ना शिजवायचे, आणि आत हवा भरलेली असल्यामुळं मोठे दिसणारे. ते पोरगं जाड नाही, हाडकुळं आहे. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या 35 मुलांची उंची वयाच्या मानानं खुंटलेली आहे, सरकारी पाहणीतला 2019-21 चा आकडा आहे हा. त्याच पाहणीत देशभरातली जादा वजनाची मुलं 2.1 वरून 3.4 टक्क्यांवर गेली. लोकांना वाटतं हे दोन वेगळे देश आहेत. मला रोज दोन्ही एकाच लडीतून पुडा तोडताना दिसतात.

आता माझ्या धंद्याचं. पाचच्या पुड्यामागं मला पन्नास-साठ पैसे सुटतात. तरीही मी तो सगळ्यात पुढं टांगतो, अगदी तीन फुटांच्या पोराच्या डोळ्यासमोर. का? कारण तो खपतो, सडत नाही, तोलायचा नाही, आणि सेल्समन दर आठवड्याला येऊन स्वतः लावून जातो. शेंगदाण्याच्या बरणीसाठी कुणी सेल्समन येत नाही. दारातला फ्रीज एका कोल्ड्रिंक कंपनीनं फुकट दिलाय. फुकट म्हणजे काय, तर वीजबिल माझं, जागा माझी, आणि आत माल फक्त त्यांचा. मागच्या उन्हाळ्यात खालच्या कप्प्यात ताकाच्या पिशव्या ठेवल्या तर त्यांच्या माणसानं फोटो काढून नेला आणि वरून फोन, 'शेठ, असं चालणार नाही'.

शाळेच्या गेटपासून 50 मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकायचे नाहीत असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे, 2020 चा. मी टेप घेऊन मोजलं. माझं दुकान 38 मीटरवर आहे. तंबाखूसाठी 100 यार्डांचा नियम आहे, त्याची तपासणी करायला माणसं येतात, दोनदा येऊन गेली. पुड्यांसाठी आजवर कुणीही आलं नाही. कॅन्टीनमधलं जंक फूड बंद करायचा महाराष्ट्राचा शासन निर्णय तर 2017 चा आहे. समोरच्या शाळेत कॅन्टीनच नाही, त्यामुळं त्यांनी तो शंभर टक्के पाळलाय. त्यांचं कॅन्टीन मीच आहे.

22 सप्टेंबर 2025 पासून बिस्किटं, चॉकलेट, नमकीन, नूडल्स यांच्यावरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला. कोल्ड्रिंकवर मात्र 40 टक्के. दुकानदार म्हणून मला आनंद झाला, खोटं का बोलू. पण एकाच दिवशी एकच सरकार एका हातानं पोराला साखरेपासून मागं ओढतं आणि दुसऱ्या हातानं क्रीमची बिस्किटं पुढं करतं, हा हिशोब मला लागला नाही.

पुड्याच्या मागं जे छापतात ते वाचायला मला चष्मा लागतो, पोरांना वाचायची गरजच वाटत नाही. चिली देशात 2016 पासून साखर-मीठ जास्त असलेल्या पुड्यावर समोरच काळा अष्टकोन छापावा लागतो. आपल्याकडे 2022 मध्ये मसुदा आला तो पुड्याला स्टार द्यायचा. चांगल्या मालाला जास्त स्टार, वाईटाला कमी. अहो, माझ्या पोराला वहीत एक स्टार मिळाला तर तो घरभर नाचत दाखवतो. चिप्सच्या पुड्यावर एक स्टार दिसला तर तो काय समजेल?

खेळाचं फार बोलत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या कॉलनीत जिथं मी लगोरी खेळलो तिथं आता गाड्या लागतात, आणि गाडीला चेंडू लागला की भांडण. पीटीचा तास परीक्षा जवळ आली की गणिताला जातो. संध्याकाळी क्लास. आमचा तर दुकानातच, स्टुलावर, हातात मोबाईल. पोरं त्याला 'डब्या' म्हणतात म्हणून तो मैदानात जायला तयार नाही, आणि मैदानात जात नाही म्हणून... जाऊ दे.

म्हणजे कंपनी, सरकार, शाळा सगळे आलेच यात. पण त्यांची नावं घेऊन माझं नाव पुसलं जात नाही. मी घरात बाप आहे आणि बाहेर दुकानदार, दोन्ही खुर्च्यांवर बसून मी तेच केलं. डॉक्टरांनी हिला विचारलं तेव्हा 'मी घालतो खायला' एवढे तीन शब्द बोलायला हवे होते. ते मी रात्री घरी बोललो. हिनं एवढंच विचारलं, "मग तिथं का नाही बोललास?"

गेल्या महिन्यात लड्या काढून मागच्या भिंतीला लावल्या. पुढं फुटाणे, शेंगदाणे, राजगिऱ्याच्या वड्या ठेवल्या. पुड्यांची विक्री जवळपास निम्मी झाली, आणि त्यातली बरीच पोरं मोडकी पायरी चढून समोरच्या दुकानात जायला लागली, हे पण मला इथूनच दिसतं. धाकट्याच्या नावचं पान चालू आहे. काल त्यावर दहाचे फुटाणे आणि पाचची चिक्की आहे. परवा बाटली आहे, मी जेवायला गेलो होतो तेव्हाची. ती नोंद त्यानं स्वतःच्या अक्षरात केलीय.

फ्रीज परत न्या म्हणून कंपनीला फोन केलाय. सोमवारी येतो म्हणाले. आई विचारतेय, मग ताक कुठं ठेवणार? सेकंडहॅण्ड फ्रीज कुणाकडे असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. छोटा चालेल, काचेचं दार असलं तर बरं.