‘लेपाची नळी सहा महिने बदलू नका’ हा मेसेज पुढे पाठवू नका

ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की केज, धारूर, वडवणीकडच्या गावांतून घरंच्या घरं कारखान्यांकडे निघतात आणि म्हातारी माणसं मागे राहतात. त्यांच्यातल्या काहींना लघवीची नळी असते. कुणाला प्रोस्टेटमुळे, कुणाला अर्धांगामुळे, कुणी विहिरीत पडून कमरेखाली अधू झालेलं. नेमक्या याच घरांत सध्या एक मेसेज फिरतोय: ‘प्लाझ्मा तंत्राने लेप दिलेल्या नव्या नळीवर जंतू मरतात. ती सहा महिने बदलावी लागत नाही. उकळून परत वापरता येते. अँटिबायोटिकची गरज नाही.’ नळीचे पेशंट घरी जाऊन बघण्याचं काम मी करते. “सिस्टर, आता बदलायची नाही म्हणं, लेप आहे तिला,” हे मला उंबऱ्यातच ऐकायला मिळतं.

असा लेप असतो, ही गोष्ट खरी आहे, आणि तंत्रही सुंदर आहे. हा प्लाझ्मा रक्तातला नव्हे. हवा काढून घेतलेल्या बंद पेटीत एखाद्या सेंद्रिय द्रवाची, उदाहरणार्थ डायग्लाइमची, वाफ सोडतात आणि तिला रेडिओ लहरींची ऊर्जा देतात. बहुतेक यंत्रं 13.56 मेगाहर्ट्झवर चालतात. वाफेतले रेणू तुटतात, वायू चमकू लागतो (हाच प्लाझ्मा) आणि ते तुकडे समोरच्या वस्तूवर बसून एकमेकांत गुंफले जातात. त्यातून दहा-वीसपासून काहीशे नॅनोमीटर जाडीचा पॉलिमरचा थर तयार होतो. तो घट्ट बसतो आणि खालच्या वस्तूचा आकार बिघडवत नाही. सिलिकॉन हायड्रोजेलच्या काही कॉन्टॅक्ट लेन्सवर प्लाझ्माचा थर कित्येक वर्षांपासून वापरात आहे. आपल्याकडे गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत उद्योगांसाठी अशा तंत्रांवर काम चालतं.

पण ‘जंतू मरतात’ हे यातल्या बहुतेक थरांना लागू नाही. डायग्लाइमपासून केलेला थर पाणी धरून ठेवतो, त्यामुळे जंतूला पाय रोवायला जागा मिळत नाही. तो मरत नाही, निसटतो. चांदीसारखं काही मिसळलेले मारणारे थरही आहेत, पण त्यातला साठा संपतो. शिवाय प्रयोगशाळेतलं स्वच्छ द्रावण वेगळं आणि माणसाचं शरीर वेगळं. शरीरात गेलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर काही मिनिटांत प्रथिनांचा पापुद्रा बसू लागतो. मग जंतूची गाठ लेपाशी पडतच नाही, त्या पापुद्र्याशी पडते.

माझा जीव तुटतो तो सहा महिन्यांच्या वाक्यावर. प्रोटियस मिराबिलिस नावाचा एक जंतू लघवीतला युरिया फोडून अमोनिया करतो. लघवी अल्कधर्मी होते, त्यातले मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे फॉस्फेट क्षार बाहेर पडून नळीवर जमतात. फार दिवस राहिलेली नळी काढली की टोकाशी पांढरट कवच दिसतं, हातमोज्यातल्या बोटांनी चुरलं तर वाळूसारखं करकरतं. आतलं भोक जवळजवळ बुजलेलं असतं. नळी मूत्राशयात अडकवून ठेवणाऱ्या फुग्यावर तेच कवच असेल तर नळी बाहेर येताना मूत्रमार्ग सोलून काढते. एकदा हे कवच चढलं की खाली लेप कोणता होता याला काही अर्थ उरत नाही. काही पेशंटची नळी आठवड्या-दोन आठवड्यांतच अशी बंद पडते.

आणखी एक अडचण आहे. नळीची आतली पोकळी दोन-तीन मिलिमीटरची आणि पुरुषांची नळी साधारण 40 सेंटिमीटर लांब. इतक्या अरुंद, लांब जागेत प्लाझ्मा एकसारखा पेटता ठेवून आतून सारखा थर बसवणं कठीण असतं. आणि लघवीच्या पिशवीकडून वर चढणारे जंतू आतूनच येतात.

लेप नसलेली पूर्ण सिलिकॉनची नळीसुद्धा जास्तीत जास्त 12 आठवड्यांसाठी असते, लॅटेक्सची त्याहून बरीच कमी. त्याआधी अडली किंवा ताप आला तर लगेच बदलायची. तालुक्याला जायचं म्हणजे जीपचं भाडं आणि एकाची दिवसाची मजुरी बुडते, हे मला माहीत आहे. मेसेज म्हणूनच गोड लागतो. त्यापेक्षा तोडीला निघण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात पुढची तारीख ठरवून घ्या, ती भिंतीवर लिहा आणि आशाताईंना सांगून ठेवा.

उकळायचं तर नावच काढू नका. पाकिटावर 2 चा आकडा आणि त्यावर तिरपी काट असते: एकदाच वापरायची वस्तू. दवाखान्यात काढलेली नळी कचऱ्याच्या लाल पिशवीत जाते, परत पेशंटकडे येत नाही.

अँटिबायोटिकचं वाक्य दोन्ही बाजूंनी चुकतं. नळी असेपर्यंत दर दिवशी साधारण 3 ते 7 टक्के पेशंटच्या लघवीत नव्याने जंतू येतात. महिनाभरात जवळपास सगळ्यांच्याच. ताप, थंडी, दुखणं नसेल तर नुसत्या गढूळ लघवीसाठी सहसा गोळ्या लागत नाहीत. खरं इन्फेक्शन झालं तर मात्र लागतातच, लेप असो वा नसो. चांदीच्या लेपाबद्दलही असाच डांगोरा पिटला होता. ब्रिटनमधल्या 24 रुग्णालयांत 7,000 हून जास्त पेशंटवर त्याची चाचणी झाली. 2012 साली निकाल आला: त्रास देणारं इन्फेक्शन त्या लेपाने कमी झालं नाही. प्लाझ्माचा लेप वेगळा आहे, पण त्यालाही याच कसोटीतून जावं लागेल.

तोवर पिशवी बाजेच्या कडेला मूत्राशयाच्या खाली बांधा, जमिनीला टेकू देऊ नका. जीपमधून नेताना ती पेशंटच्या मांडीवर ठेवतात, त्याने जुनी लघवी उलटी आत जाते. नळी आणि पिशवीचा जोड उगाच उघडू नका. हाताला साबण लावा. आणि दर वेळी डॉक्टरांना विचारा, नळी अजून लागतेच का? कमरेखाली अधू झालेल्यांपैकी अनेकांना दिवसातून ठरावीक वेळा स्वच्छ हाताने नळी घालून लगेच काढण्याची पद्धत जमते. ती 1972 पासून रुळलेली आहे.

दोन-तीन तास पिशवीत थेंब आला नाही आणि ओटीपोट टणक झालं, तर नळी कुठे वाकलीय का एवढं बघा आणि सरळ दवाखाना गाठा. पाठीच्या वरच्या भागात मणका दुखावलेल्या माणसाचं डोकं अचानक ठणकू लागलं, तोंड लाल होऊन घाम सुटला, तर अडलेल्या नळीमुळे रक्तदाब जीवघेणा चढलेला असू शकतो. त्याला उठवून बसवा आणि त्याच घटकेला निघा, सकाळची वाट बघू नका.